जुन्या युद्धनौकांची पुनर्भरती आणि अहमदनगरची ब्रिगेड (1914-1916)

पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) उल्लेख बहुधा जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांच्या नजरकैदेच्या छावणीपुरता येतो. परंतु येथील छावणीतील फौजेला समुद्रापार नेणारी नाविक व्यवस्था कोणत्या जहाजांवर विसंबून होती, हा प्रश्न स्थानिक इतिहासलेखनात सहसा विचारला जात नाही.

ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटिश आरमाराने राखीव ताफ्यातील युद्धनौका कामावर घेतल्या व त्यांतून आठवे युद्धनौका पथक उभे केले. त्यात कॅनोपस वर्गाच्या नौका होत्या. ‘ओशन’चे जलावतरण 1898 चे. बारा इंची चार तोफा असलेल्या या नौका 1906 च्या ‘ड्रेडनॉट’ने कालबाह्य ठरविल्या होत्या. त्यांवरील खलाशांतही राखीव दलातून परत बोलाविलेल्यांचा भरणा मोठा होता. उत्तर समुद्रातील लढाईस त्या निरुपयोगी मानल्या गेल्या, आणि म्हणूनच त्या हिंदी महासागरासाठी मोकळ्या झाल्या.

त्यांची गरज सप्टेंबरमध्ये प्रकर्षाने भासली. 20 सप्टेंबरला ‘क्योनिग्जबर्ग’ने झांझिबारजवळ ‘पेगासस’ बुडविली आणि 22 सप्टेंबरला ‘एम्डेन’ने मद्रासवर तोफा डागल्या. मुंबईहून निघणारी सैन्यवाहू जहाजे संरक्षणाविना सोडणे अशक्य झाले. ‘ओशन’ व ‘गोलायथ’ यांना ईस्ट इंडीज तळाकडे धाडण्यात आले. वेगवान क्रूझरचा पाठलाग या नौकांच्या आवाक्यातला नव्हता, हे खरे. मात्र येथे पाठलाग करावयाचाच नव्हता. सैन्य वाहणारी व्यापारी जहाजे मुळात संथ. त्यांच्या सोबतीने चालणाऱ्या नौकेला वेगापेक्षा तोफांचा धाक अधिक उपयोगी होता. नौदलाच्या इतिहासकारांनी या नौकांच्या दुबळेपणावर दिलेला भर त्यामुळे काहीसा एकांगी वाटतो.

सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 16 वी पुणे, 17 वी अहमदनगर आणि 18 वी बेळगाव अशा तीन ब्रिगेड होत्या. प्रथम निघाली ती डेलामेन यांची पुणे ब्रिगेड. तीत 117 वी मराठा पलटण होती. ती 16 ऑक्टोबरला मुंबईहून मोठ्या ताफ्यासमवेत निघाली, वाटेत त्यातून वेगळी झाली आणि ‘ओशन’च्या संरक्षणात 23 ऑक्टोबरला बहारीनला पोहोचली. 6 नोव्हेंबरला फाव येथे सैन्य उतरले. गंमत अशी, की शत्त-अल-अरबच्या मुखावरील गाळाचा उथळ बांध ‘ओशन’ला ओलांडता येईना. किल्ल्यावर तोफा डागल्या त्या ‘ओडिन’ या लहानशा नौकेने; ‘ओशन’ने आपले नौसैनिक तेवढे किनाऱ्यावर उतरविले. त्याच महिन्यात बसरा पडले. अहमदनगरची ब्रिगेड मागाहून गेली. नगरच्या छावणीतील ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आणि 103 वी मराठा लाइट इन्फन्ट्री तिच्यात होत्या.

पुढे ‘ओशन’ डार्डनेल्सला गेली व 18 मार्च 1915 रोजी बुडाली. तिच्यावरील बहुतेक सर्वांना वाचविण्यात आले. ‘गोलायथ’वर 13 मे रोजी तुर्की विनाशिकेने टॉर्पेडो सोडले, तीत सुमारे 570 जण बुडाले. आरमाराने या नौकांची हानी होईल असे गृहीत धरूनच त्या तेथे वापरल्या होत्या. मेसोपोटेमियातील फौजेबाबत असा कोणताच हिशेब आधी मांडलेला दिसत नाही. तिगरिस नदीवर नावांची टंचाई असताना ती बगदादच्या दिशेने पुढे रेटण्यात आली. कुत-अल-अमारा येथे अडकलेल्या सैन्यात 103 वी, 110 वी व 117 वी या मराठा पलटणी होत्या. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी त्यांनी शस्त्रे खाली ठेवली.