हंगामी बढती आणि ज्येष्ठतेची पाळी

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेराला पाणी आणि सरकारी इंजिनीयर यांची ओळख जुनी आहे. प्रवरेच्या उगमाकडे भंडारदरा येथें धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं तें पुरें झालें. त्या धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतून वाहत संगमनेर तालुक्यांतील ओझरच्या बंधाऱ्यापाशीं येतें आणि तेथून उजवा व डावा असे दोन कालवे निघतात. कालव्याच्या मुलखांत पाण्याची पाळी ही प्रपंचाची गोष्ट असते. पाळी चुकली कीं शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. सरकारी नोकराच्या आयुष्यांत हेंच स्थान ज्येष्ठतेच्या यादीला आहे. यादींत नांव खालीं सरकलें, तर बढतीची पाळी कांहीं वर्षें पुढें ढकलली जाते. कित्येकदां ती येण्यापूर्वींच निवृत्तीचा दिवस उजाडतो. अशाच एका चुकलेल्या पाळीवरून महाराष्ट्रांतील इंजिनीयरांमध्यें जो वाद झाला, त्यानें साऱ्या देशाच्या सेवानियमांना वळण दिलें.

पाटबंधारे व बांधकाम या खात्यांत ओव्हरसियर, त्याच्यावर उपविभागाचा प्रमुख डेप्युटी इंजिनीयर आणि त्याच्यावर विभागाचा कार्यकारी इंजिनीयर अशी उतरंड असे. डेप्युटी इंजिनीयरच्या जागेवर जाण्याच्या वाटा दोन होत्या. एक सरळ भरतीची: पदवी घेऊन स्पर्धेंतून निवडून आलेला तरुण थेट त्या जागेवर येई. दुसरी बढतीची: खालच्या जागेवर उन्हापावसांत वर्षें काढलेला माणूस वर चढे. धरण किंवा कालवा हें सुरू होऊन संपणारें काम. त्यामुळें त्यासाठीं मंजूर होणाऱ्या कित्येक जागा हंगामी असत. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या, कोयनेसारखीं मोठीं कामें निघालीं आणि अशा जागा वाढत गेल्या. एक काम संपतें न संपतें तोंच दुसरें सुरू होई. म्हणून नांवानें हंगामी असलेली जागा प्रत्यक्षांत वर्षानुवर्षें चालू राही. या जागांवर खालच्या माणसांना ‘स्थानापन्न’ म्हणून बसविण्यांत येई. काम पुरें, जबाबदारी पुरी. हुकुमांत ‘कायम’ हा शब्द तेवढा नसे.

मुंबई राज्याच्या विभाजनाच्या तोंडावर, १९६० सालीं केलेल्या नियमांनीं सरळ भरती आणि बढती यांचें प्रमाण शक्य तोंवर ७५ ला २५ असें ठरविलें. त्यांतल्याच एका कलमानें सांगितलें कीं, एखाद्या वर्षीं सरळ भरतीनें आलेले सर्व उमेदवार त्या वर्षीं कायम झालेल्या बढतीच्या माणसांच्या वर एकगठ्ठा धरावेत. वाचतांना हें कलम निरुपद्रवी वाटतें. परंतु त्याचा परिणाम पाहावा. समजा, एक ओव्हरसियर १९६० सालीं स्थानापन्न डेप्युटी इंजिनीयर झाला आणि त्या जागेवर अखंड राहिला. १९६७ सालीं एक तरुण सरळ भरतीनें आला. जुना माणूस १९७० सालीं कायम झाला, कारण तोंवर कायम जागा त्याच्या वांट्याला आली नाहीं, किंवा आली तरी कागद हलला नाहीं. दहा वर्षें उपविभाग सांभाळलेला हा गृहस्थ तीन वर्षांच्या नोकरीच्या तरुणाखालीं गेला. पुढें कार्यकारी इंजिनीयरची जागा रिकामी झाली म्हणजे आधीं नांव तरुणाचें.

या कलमाविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७७ सालीं ‘पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल लागला. गुजरातच्या इंजिनीयरांचीं प्रकरणेंही त्याबरोबरच निकालांत निघालीं, कारण जुन्या मुंबई राज्याचा वारसा दोन्हीकडे सारखाच होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड हे पुण्याचे; पुढच्याच वर्षीं ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचा मुद्दा साधा होता. दोघे एकाच संवर्गांत, एकाच दर्जाचें काम करितात. मग ज्येष्ठता केवळ ‘कायम’ या शिक्क्यावर कशी टांगावी? हा शिक्का माणसाच्या कर्तबगारीवर मिळत नाहीं आणि जागा रिकामी असली म्हणून मिळतोच असेंही नाहीं. तो सरकारच्या मर्जीवर आणि दप्तराच्या चालीवर अवलंबून असतो. समान संधीचें आश्वासन देणाऱ्या राज्यघटनेच्या चौदाव्या व सोळाव्या अनुच्छेदांशीं हें कलम विसंगत ठरलें आणि रद्द झालें.

सरळ भरतीच्या इंजिनीयरांची बाजूही पोकळ नव्हती. बढतीच्या वांट्यापेक्षां अधिक माणसें हंगामी म्हणून वर घ्यावयाचीं आणि नंतर तीं सारीं वर्षें ज्येष्ठतेंत धरावयाचीं, तर ७५ ला २५ या प्रमाणाला अर्थ काय उरला? स्पर्धेंतून आलेल्या तरुणानें नियम वाचूनच ही नोकरी पत्करली होती. त्याची पाळीही पाळीच होती. त्यांच्या संघटनेचा खटला पांच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढें आला आणि २ मे १९९० रोजीं न्यायमूर्ति ललितमोहन शर्मा यांनीं लिहिलेला निकाल जाहीर झाला.

त्या निकालाचें सार असें. नियमाप्रमाणें नेमणूक झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजावी, कायम झाल्याच्या दिवसापासून नव्हे. नेमणूक नियम बाजूला ठेवून केवळ वेळ निभावण्यापुरती केलेली असेल, तर तो काळ ज्येष्ठतेंत धरूं नये. नेमणुकीच्या पद्धतींत उणीव राहिली, पण माणूस नियमित होईपर्यंत त्याच जागेवर अखंड राहिला, तर मधला काळ मोजावा. भरतीचें प्रमाण नियमानें ठरविलें असेल, तर तें सामान्यतः काटेकोर पाळावें. आणि ज्या सेवेची घडी विचारपूर्वक दिलेल्या निकालानें एकदां बसली, ती पुन्हां विस्कटूं नये.

यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांमध्यें पुढें अनेकांनीं आपापल्या सोयीचा अर्थ शोधला. पश्चिम बंगालच्या अघोरनाथ डे खटल्यांत १९९३ सालीं न्यायालयानें खुलासा केला कीं, तिसऱ्या वाक्याचा लाभ रिकाम्या जागेवर, मुदतीची अट न घालतां केलेल्या आणि किरकोळ उणीव राहिलेल्या नेमणुकीपुरता आहे. निव्वळ वेळ निभावण्याच्या नेमणुकीला तो नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें १९८२ सालींच ज्येष्ठतेचे सर्वसाधारण नियम केले होते. त्यांत अखंड सेवेची लांबी हें मुख्य माप मानलें, आणि नियमित नेमणूक होईपर्यंतच्या तात्पुरत्या नेमणुकीला ‘अभावित’ असें नांव देऊन ती त्या मापांतून वगळली. ज्याची पाळी चुकून हुकली, त्याच्यासाठीं ‘मानीव दिनांक’ देण्याची तरतूदही ठेवली. त्या नियमांची जागा २०२१ सालच्या नियमावलीनें घेतली.

भंडारदऱ्याच्या खालीं प्रवरेवरच निळवंडे येथें दुसरें धरण झालें. १९७० च्या सुमारास त्याची कल्पना निघाली आणि त्याच्या डाव्या कालव्यांत २०२३ सालीं पाणी आलें. एवढ्या अवधींत नोकरीला लागलेला माणूस निवृत्तही होतो. असल्या दीर्घ कामावरच्या जागेला केवळ हंगामी म्हणून भागत नाहीं. नेमणूक करतांना ती नियमित आहे कीं तात्पुरती, हें हुकुमांत स्वच्छ लिहावें, भरती वेळच्या वेळीं करावी आणि यादी दरवर्षीं प्रसिद्ध करावी, एवढें दप्तरानें केलें असतें, तर दोन्ही वाटांनीं आलेल्या इंजिनीयरांच्या उमेदीचीं वर्षें कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलीं नसतीं.