नवा तारा खरा कशावरून?

दिवाळीच्या सुमारास पाटोदा, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांतल्या काही पार कोल्हापूरकडे, शिरोळ तालुक्यापर्यंत जातात. पौषात पहाटे फडात शिरताना उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. याच तालुक्यातल्या कुरुंदवाडला १९५६ साली श्रीनिवास कुलकर्णी जन्मले. वाढले हुबळीला, शिकले दिल्लीच्या आयआयटीत, आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. फुटणारे तारे हेरण्याचा एक मोठा उद्योग त्यांनी उभा केला. आज त्याचीच हकीगत सांगायची आहे.

काही तारे मरताना फुटतात. त्या स्फोटाला शास्त्रज्ञ सुपरनोव्हा, म्हणजे अतिदीप्त नवतारा म्हणतात. हे नाव बाडे आणि झ्विकी या दोघांनी १९३४ च्या सुमारास रूढ केले. झ्विकी मोठा तापट माणूस, पण कामाला चिवट. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर १९३६ पासून तो त्याच त्याच दीर्घिकांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घेई आणि जुनी-नवी शेजारी ठेवून ताडून पाही. गुरुजी हजेरीपट घेतात ना, तसेच. फरक एवढाच की इथे गैरहजर पोर शोधायचे नाही, आगंतुक शोधायचा. जन्मभरात त्याने शंभरावर असे तारे पकडले.

पण आगंतुक दिसला म्हणजे तो तोच, असे नाही. वाटेने जाणारा लघुग्रह असेल, कमीजास्त तेजाचा जवळचाच एखादा तारा असेल, नाही तर काचेवरचा डाग! घाईने दवंडी पिटावी आणि दुसऱ्या रात्री डाग निघावा, यासारखी फजिती नाही.

कुलकर्णींची मंडळी २००९ पासून याच पालोमारवरच्या अठ्ठेचाळीस इंची दुर्बिणीने आकाश टिपू लागली. जुन्या चित्रातून नवे वजा करायचे काम आता संगणकाकडे होते. २४ ऑगस्ट २०११ ला त्याने एक ठिपका दाखवला. जागा सांगतो. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात, तिच्याजवळचा वसिष्ठ आणि शेपटीच्या टोकाचा मरीची घ्या. ध्रुवाच्या बाजूला जवळजवळ समभुज त्रिकोण कल्पिला, की तिसऱ्या कोपऱ्यावर एक दीर्घिका येते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिचे अंतर सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षे.

आदल्या रात्रीच्या चित्रात तिथे काहीच नव्हते!

बर्कलेच्या पीटर नूजंट यांनी तो ठिपका हेरला, तेव्हा कॅलिफोर्नियात दिवस होता. खात्री करायची तर रात्र हवी. मग निरोप गेला अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर. तिथे अंधार लवकर पडणार होता. तिथल्या दुर्बिणीने ठिपक्याचा वर्णपट घेतला, म्हणजे इंद्रधनुष्यासारखा त्याचा प्रकाश पसरून पाहिला. त्यात सिलिकॉनच्या खुणा होत्या, आणि त्या आपल्या जागेवरून सरकलेल्या. वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने उधळत होता. डागाला वर्णपट नसतो, आणि लघुग्रहावरचे दगड असे उधळत नाहीत. खात्री पटली.

मागे हिशेब केला तेव्हा कळले, की पहिले चित्र स्फोटाचा प्रकाश पोचल्यानंतर अवघ्या अकरा-बारा तासांतले होते. या जातीचा तारा इतक्या कोवळेपणी तोवर कुणाला सापडला नव्हता. म्हणूनच पुढची तपासणी जमली. फुटलेला तारा कार्बन-ऑक्सिजनचा, आकाराने फार लहान असावा, असे निघाले. चार दिवस उशीर होता, तर हा पुरावा विरून गेला असता.

अशा स्फोटात निकेल तयार होते, त्याचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे लोखंड. आपल्या कोयत्याच्या पात्यातले पुष्कळसे लोखंड सूर्य जन्मण्यापूर्वी असेच तयार झालेले आहे.

कुलकर्णींनी पुढे त्याच जुन्या दुर्बिणीला नवा, फार रुंद नजरेचा कॅमेरा बसवून घेतला. २०१८ पासून ते काम सुरू झाले. शेजारीच साठ इंची दुर्बीण वर्णपट घ्यायला ठेवली आहे. एकीने शोधायचे, दुसरीने खात्री करायची. २०२४ अखेर खात्री झालेल्या ताऱ्यांची संख्या दहा हजारांवर गेली.