राजगडावरची आजी

तुम्ही राजगडाच्या पद्मावती माचीवर उभे आहात. साल १६६६, श्रावणाचे शेवटचे दिवस. खांद्यावरची घोंगडी भिजून जड झाली आहे आणि धुकं इतकं की पाच पावलांवरचं तळंही दिसत नाही. वाट शेवाळलेली आहे, बेतानं चाला. पुढे इरलं घेतलेला गडकरी चालला आहे, त्याच्या मागोमाग राहा. पण त्याला काही विचारू नका. गडावर साऱ्यांच्या मनात एकच प्रश्न आहे आणि तो कुणी ओठांवर आणत नाही.

शिवाजीराजे ५ मार्चला आग्र्याकडे निघाले. बरोबर शंभूराजे होते. मे महिन्यात दरबारात बिनसलं आणि बापलेक पहाऱ्यात अडकले. तिकडची बातमी इथे पोचेपर्यंत शिळी होते. खरी की खोटी हे सांगणारंही कुणी नसतं.

सदरेच्या दाराशी थांबा. आत बसल्या आहेत त्या आऊसाहेब, राजांच्या आई जिजाबाई. अडुसष्टी गाठलेली. शहाजीराजे जाऊन अडीच वर्षं झाली. सती जायला निघालेल्या या बाईला मुलानं विनवण्या करून मागे फिरवलं होतं, आणि आता तो मुलगाच औरंगजेबाच्या मुठीत. समोर मोरोपंत, निळोपंत, अण्णाजी कागद घेऊन बसलेत. कारभार आऊसाहेबांच्या शब्दानं चालतो. स्वराज्याचा कणाच आग्र्यात अडकलेला असताना इथे घडी विस्कटली नाही, ही गोष्ट आपण इतिहासात एका ओळीत उरकतो. माझ्या मते ती ओळ फारच आखूड आहे.

धुकं जरा वर सरकलं. ईशान्येकडे बघा, कोंढाणा. उजवीकडे पुरंदर. दोन्हींवर आता मोगलांची ठाणी. गेल्या वर्षीच्या तहात तेवीस किल्ले गेले, त्यांत हे दोन्ही. त्याच पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी आऊसाहेबांचा हा नातू जन्मला. नाव ठेवलं थोरल्या काकाचं. तो काका, म्हणजे आऊसाहेबांचा थोरला मुलगा, कनकगिरीच्या वेढ्यात पडला होता. नातवाला हाक मारायची म्हणजे दर वेळी गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं. कुणी हे त्यांच्याजवळ बोललं असेल असं वाटत नाही.

आता सात वर्षं मागे चला. माची हीच, भाद्रपद वद्य. शंभूराजांच्या आई सईबाई आज गेल्या. पोर सव्वादोन वर्षांचं. पुरंदराखालच्या कापूरहोळची धाराऊ त्याची दूधआई, पण पोर वाढवायचं आहे आजीलाच. बाहेर अफझलखान चालून येतो आहे, राजांना घरात डोकवायला सवड नाही. साठी ओलांडलेल्या बाईनं पुन्हा पहिल्यापासून आईपण सुरू केलं. वडील आणि भाऊ देवगिरीच्या दरबारात मारले गेले तेव्हा शिवबा पोटात होता. ते दुःख गिळून त्यांनी एकदा लेकरू घडवलं होतं. आता दुसऱ्यांदा. त्यातून आठव्या वर्षी हाच नातू तहाचा ओलीस म्हणून मोगल सेनापती मिर्झाराजांच्या छावणीत गेला, आणि नवव्या वर्षी आग्र्याला.

१६६६ मध्ये परत या. तुम्हाला ठाऊक आहे की १७ ऑगस्टला राजे निसटले. सदरेतल्या बाईंना ठाऊक नाही. सांगायला जाऊ नका, पाहुण्याला तो हक्क नाही. आणि सांगितलंत तरी निम्मंच समाधान द्याल, कारण राजे गडावर येतील तेव्हा शंभूराजे सोबत नसतील. त्यांना मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवलं आहे. माग काढणाऱ्यांना चकवायला ते वारल्याची आवई उठवली जाईल. गोसाव्याच्या वेशात राजे आईच्या पाया पडल्याची गोष्ट आपण चवीनं सांगतो. नातू घरी पोचेपर्यंत आजीनं काय सोसलं, त्याची गोष्ट कुणी रचली नाही.

शेवटचा मुक्काम पाचाड, जून १६७४. रायगडावरचं गार वारं त्यांना सोसत नव्हतं, म्हणून पायथ्याशी हा वाडा. ६ जूनला वर राज्याभिषेक झाला. मुलगा छत्रपती, सतरा वर्षांचा नातू युवराज, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्या गेल्या. पाऊस सुरू झालाय. वाड्याच्या तटाला टेकून जरा उभे राहा. पुढे पंधरा वर्षांनी औरंगजेबानं त्या नातवाची काय दशा केली, ते बघायला त्या उरल्या नाहीत.

रायगडाला जाताना वाट पाचाडवरूनच जाते. आऊसाहेबांची समाधी तिथेच आहे, वाड्याचे अवशेषही आहेत. रोपवेची रांग गाठायच्या घाईत बहुतेक गाड्या पुढे निघून जातात. तुमची थांबवा, आणि बरोबर नातवंडं असतील तर त्यांनाही खाली उतरवा.