अंबडच्या भिंती वाचताना

भिंत कोणत्या काळातली हे ओळखायचं तर विटेआधी सांधा बघ, असं मला वीटकाम शिकवणारे गवंडीमामा सांगतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत विटा चपट्या आणि पातळ, मधे घाण्यात मळलेल्या चुन्याचा चांगला जाड थर. नाशिकमधल्याच अंबडच्या गावठाणात एवढा चुना कुणाला परवडणार? आमच्या घराला खाली दगडी जोतं आहे आणि वर विटा, त्याही मातीतच बसवलेल्या. त्या अजून जागच्या हललेल्या नाहीत.

१९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट निघायला लागलं आणि पुढे हळूहळू घमेल्यातला माल बदलला. चुना सवडीने घट्ट होतो, सिमेंट वाट बघत नाही. म्हणून वीट आधी भिजवून घ्यायची. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सांधा भुसभुशीत राहतो.

अंबडला कारखाने आले, सिडकोने कामगारांसाठी घरं बांधली, १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली. लोकांनी त्या लहान घरांवर मजले चढवले, मागे खोल्या काढल्या. मामा तेव्हा बिगारी होते. घमेली वाहायची, विटा झेलायच्या आणि उस्तादाच्या मनगटाकडे बघत राहायचं. थापी हातात यायला वर्षं लागली. त्यांच्यासारख्यांची शाळा ती हीच, आणि तिची कुठे नोंद नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मामांनी मला आधी दोन्ही टोकांचे कोपरे रचायला लावले. मग त्यांच्यामध्ये दोरी ताणायची, पण वीट दोरीला टेकवायची नाही. केसाएवढी फट ठेवायची, नाहीतर दोरी ढकलली जाते आणि अख्खा थर पोटात फुगतो. सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून एकाआड एक थराची सुरुवात अद्ध्याने, म्हणजे अर्ध्या विटेने. ओळंब्याची लाकडी पट्टी वर भिंतीला धरली की खालचं वजन भिंतीला जेमतेम शिवलं पाहिजे. लांब राहिलं तर भिंत बाहेर झुकली, दबून बसलं तर आत गेली. “डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस, ओळंब्याला विचार,” मामा म्हणतात.

मी रचतो त्या विटा लाल नाहीत, राखाडी आहेत. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात विटांसाठी तिथली राख वापरणं बंधनकारक केलं. आमच्याजवळ एकलहऱ्याचं केंद्र आहेच. या विटेला भट्टी लागत नाही आणि नदीकाठचा पोयटाही वाचतो; मला ती मनापासून पटते.

नव्या इमारतींत भार कॉलम-बीम घेतात, आत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक चढतात. मामांना आता बहुतेक प्लास्टरचंच काम मिळतं. अंबडच्या एखाद्या शाळेने त्यांच्यासारख्या गवंड्याला मानधन देऊन बोलवावं आणि मुलांकडून आवारात निदान एक कोपरा रचून घ्यावा, असं मला फार वाटतं.