खुंटी मुंबईत, बांध गावात

एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत उभं राहून शिंक न आलेला माणूस शोधून दाखवा. डंक धडाधड पडतायत, भाजलेल्या धण्यांचा वास सुटलाय आणि मिरचीची लाल धूळ थेट नाकात शिरतेय. ओढा एक दीर्घ श्वास. आली? अडवू नका. डोळे मिटून जोरात शिंका.

आता डोळे उघडा. डोक्यावरचा उड्डाणपूल गेला. त्याच्या जागी नुसतं तापलेलं आभाळ आणि आभाळात काळा धूर सोडणाऱ्या गिरण्यांच्या चिमण्या. घंटा वाजवत ट्राम गेली, बाजूला व्हा! तुमच्या अंगात आता लेंगा-सदरा आहे, पायांत झिजलेल्या वहाणा. आज 10 एप्रिल 1957, पगाराचा दिवस.

साडेतीनचा भोंगा झाला. तो कानांनी ऐकायचा नसतोच, छातीत वाजतो. गिरणीचं गेट उघडलं आणि माणसांचा लोंढा तुमच्या अंगावर आला. पळू नका, त्यांच्याबरोबर वाहत चला. भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव बसलेली ही माणसं साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या विभागातून, आली आहेत. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम ओली ठेवतात, त्यामुळे सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेत. यंत्राच्या तेलाचा, घामाचा आणि दमट कापसाचा वास तुमच्याही अंगाला लागला. सगळे मोठ्यानं बोलतायत, कारण आठ तास मागांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू आलेलं नाही.

बोली कान देऊन ऐका. देवगड, कणकवली, राजापूर, लांजा. 1921 च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक जण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आज तुम्ही त्यांच्यातलेच एक.

कोपऱ्यावरच्या दुकानात नुसता गोंधळ चाललाय. नऊ दिवसांपूर्वी नवे पैसे सुरू झाले. आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना मात्र एकोणीस! गिऱ्हाईक बोटांवर मोजतंय, दुकानदार हिशेब सांगून थकलाय. तुमच्या तळहातावर एक नवा पैसा पडतो, नखाएवढा, तांबूस, चकचकीत. कनवटीला लावा. आज पै-पैचा हिशेब आहे.

आता चाळीचा लाकडी जिना. कठड्याला धरा, मधली एक पायरी डुगडुगते. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला तुमच्या गावकऱ्यांची खोली. दहा बाय बाराच्या या खोलीवर पंधरा माणसांचा हक्क आहे. पंधराही एकदम मावत नाहीत, पण पाळ्या तीन आहेत. पहिल्या पाळीचा माणूस आला की दुसऱ्या पाळीचा गेलेला असतो, आणि रात्रपाळीवाला आत्ताच डोळे चोळत उठला. त्याची वळकटी अजून गरम आहे.

भिंतीकडे बघा. पंधरा खुंट्या, ओळीनं. डावीकडून सातवी तुमची. तिच्यावर एक सदरा, एक टोपी आणि आमसुलांचं गाठोडं. खाली पत्र्याची ट्रंक. मुंबईत तुमच्या मालकीचं एवढंच. हात लावून बघा त्या खुंटीला. ती गुळगुळीत झाली आहे, कारण आधी ती तुमच्या चुलत्याची होती आणि त्याच्या आधी त्याच्या मेव्हण्याची. गावचं नवं पोर नोकरीला आलं की त्याला पहिल्यांदा खुंटी मिळते, मग जॉबरची, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाची ओळख, मग बदलीचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागचं काम.

सामायिक नळाखाली डोकं धरा. पाणी संपायच्या आत केसांतला कापूस निघाला तर नशीब. मग खाणावळीत पाटावर मांडी घाला. उकड्या तांदळाचा भात, वर बांगड्याचं लालभडक तिकलं, सोबत सोलकढी. वाढणारी बाई विचारत नाही, पानाकडे बघून वाढते. आधी महिन्याचे पैसे तिच्या हातावर ठेवा. तिची चूल तुमच्या पगारावर आणि तुमचं पोट तिच्या चुलीवर चालतं.

खोलीत परत आलात तोच गॅलरीतून आरोळी येते, "कागद इलो, कागद!"

कागद तुमचाच आहे, गावाहून आलेला. घरधनिणीला लिहिता येत नाही. मास्तरांकडून लिहवून घेतलाय. खोलीतला शिकलेला मुलगा वाचायला बसतो आणि सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करतात, कारण एकाचा कागद म्हणजे सगळ्यांचा कागद. भाजावळ झाली. पाडा लंगडतोय. थोरली दुसरीत गेली. आणि मग ती ओळ. तलाठी सांगून गेला की 1 एप्रिलपासून कसणाऱ्या कुळाची जमीन कुळाची झाली.

खोली एकदम गप्प होते. स्टोव्हचा आवाज तेवढा राहतो.

मळ्यातले दोन कुणगे, भाताची खाचरं. तुमच्या आज्यानं कसले, बापानं कसले, आणि दर वर्षी अर्धं भात जमीनमालक खोताच्या अंगणात नेऊन ओतलं. खोती कायद्यानं जाऊन सात वर्षं होत आली, तरी तोंडात खोतच येतो. पण तुम्ही तर इथं, मागावर! जमीन कसणारा म्हणून नाव कोणाचं लागणार?

खोलीतले म्हातारे तात्या विडी विझवतात. "घरकारीन कसता, म्हणजे तूच कसतंस." कूळकायदाही तेच म्हणतो, घरच्या माणसाचे कष्ट ते कुळाचेच कष्ट. पुढचं मात्र नीट ऐका. नोटीस निघेल. तारखेला हजर राहून 'जमीन घ्यायची आहे' असं सांगावं लागेल. गैरहजर राहिलात तर हक्क जाईल. आणि जमीन फुकट नाही. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत किंमत ठरेल, फार तर बारा हप्त्यांत फेडायची.

तुम्ही बदली कामगार. खाडे पडले की जागा जाते. तात्यांकडे बघता. ते म्हणतात, "तारखेक पोचाक व्हया. खाडे पडले तर पडांदेत."

मनीऑर्डरचा फॉर्म पुढ्यात येतो. खालच्या तुकड्यावर चार ओळींची जागा. तुम्ही सांगता, मुलगा लिहितो: पाड्याला औषध करावे. नोटीस आली की तार करावी. हप्त्याचे पैसे मी इथून धाडीन. कुणगा सोडू नये.

रात्री वळकटी गॅलरीत पसरा. आत श्वास घ्यायला हवा नाही. दगडी फरशी दिवसभराची तापलेली, ढेकूण चावतात, खाली कुणीतरी भजनाचा ठेका धरलाय. शेजारचा झोपेत कूस बदलतो आणि त्याचा हात तुमच्या छातीवर पडतो. राहू द्या. तोही बहुधा बांधावरच चालतोय.

पहाटेचा भोंगा झाला. उठा, परत यायची वेळ झाली.

आता तुमच्या घरातलं कपाट उघडा. गावच्या जमिनीचा सातबारा असेल, त्याचे जुने फेरफार काढा. त्यांत '32 ग' किंवा '32 म' असा शेरा दिसला तर थांबा. ही कूळकायद्याची कलमं: पहिलं किंमत ठरवण्याचं, दुसरं खरेदीच्या दाखल्याचं. त्या शेऱ्यामागे भाताच्या चिखलात उभी राहिलेली एक बाई आहे आणि लालबाग-परळच्या एखाद्या खुंटीवर संसार टांगून हप्ते धाडणारा एक पुरुष. सातबाऱ्यावर बहुतेक त्याचं एकट्याचं नाव असेल, तिचं नसेल. वडीलधाऱ्यांना तिचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. गावची जमीन विकायला बसाल, तर त्या दोघांची नावं मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करू नका.