रुळांनी वळसा घातलेले बंदर

रत्नागिरीच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे बहुधा समुद्राकडे तोंड करून बसतात. गलबते, आगबोटी, आंबा आणि मुंबई ही त्या इतिहासाची ठरलेली पात्रे. आम्हांस मात्र असे वाटते, की या बंदराचे भवितव्य घाटमाथ्यावर ठरले. आणि तेही कोकणात रूळ पडण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशावरचा माल समुद्रापर्यंत पोहोचायचा तो घाट उतरूनच. कोल्हापूर-सांगलीकडचा गूळ, मिरची, तंबाखू, कापूस हा माल आंबा, फोंडा अशा घाटांतून बैलांच्या पाठीवर, आणि पुढे रस्ते झाल्यावर गाड्यांतून, रत्नागिरी, राजापूर, खारेपाटण या ठिकाणी येई. परतीच्या बैलांवर मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी चढे. राजापुरास इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली ती या मार्गाच्या भरवशावरच. प्रत्येक लहान खाडीच्या मुखाशी एक बंदर आणि माथ्यावर एक खिंड, अशी ही जोडी होती. जोडीतला एक गडी फुटला की दुसऱ्याचे काय व्हायचे?

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरच्या मालाला मुंबईची वाट सोपी झाली. तरीही दक्षिणेकडचा मुलूख काही काळ कोकणाशी बांधलेला राहिला. तो धागा तुटला पुढल्या तीन दशकांत. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगावपासून घाटावर लोहमार्ग चढवण्यात आला आणि १८८८ मध्ये तो खुला झाला; १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास गाडी पोहोचली. मुरगावला रूळ मिळाले आणि रत्नागिरीला मिळाले नाहीत, एवढ्याच एका गोष्टीने दोन बंदरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गुळाच्या ढेपा आता रेल्वेच्या डब्यात बसून थेट मुंबईस जाऊ लागल्या. त्यांना समुद्राची हवाही लागेना. रत्नागिरीला रेल्वेने नेलेला माल हिशेबात दिसत नाही, कारण तो इथे आलाच नाही. या बंदराच्या रेल्वे-इतिहासाचे पहिले प्रकरण असे अनुपस्थितीचे आहे. (ब्रह्मदेशच्या थिबा राजास १८८६ साली ठेवण्यासाठी सरकारने हेच गाव निवडावे, हे या संदर्भात बोलके वाटते.)

बंदर तरीही मेले नाही. त्याचे रूप पालटले. मालाची जागा माणसांनी घेतली. किनाऱ्यावरच्या आगबोटी गिरणीत, गोदीत राबणारा चाकरमानी नेत-आणत. बोट धक्क्यास लागत नसे. दूर उभी राही आणि उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून हेलकावे खात तिच्यापर्यंत जात. पावसाळ्याचे महिने तीही बंद. कोकणी माणसाच्या बोलण्यात ‘बोट’ हा शब्द आला, की त्यामागे नुसते वाहन नसते, घर सोडण्याची वेळ असते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतील विरहाचे अर्थशास्त्र कुणी अभ्यासले, तर त्यास घाटमाथ्यावरच्या रुळांपाशी जावे लागेल, असे आम्हांस वाटते.

मग रेल्वे आली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल यांचे कौतुक योग्यच आहे. पण नकाशा नीट पाहावा. हा मार्ग किनाऱ्यास समांतर जातो. त्याने घाट आणि बंदर यांची जुनी गाठ पुन्हा बांधली नाही. स्थानक कुवारबावच्या बाजूला, सड्यावर. भगवती बंदर आणि मिरकरवाडा खाली, समुद्राशी. मधले अंतर थोडेच, पण ते ट्रकनेच काटायचे. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ सेवा सुरू झाली: भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे, चालक आपल्याच ट्रकमध्ये बसून राहायचा. कल्पना चतुर आणि महामार्गाचा भार हलका करणारी; परंतु तो माल रत्नागिरीवरून जाणारा, रत्नागिरीचा नव्हे.

२००९ साली उत्तरेस जयगडला खोल पाण्याचे खासगी बंदर सुरू झाले, आणि कोळशाची मोठी जहाजे धक्क्यास लागू लागली. ते कोकण रेल्वेच्या डिंगणी स्थानकाशी जोडणाऱ्या सुमारे ३४ किलोमीटरांच्या मार्गाची आखणीही झाली. पण त्या मार्गाने गाडी काही बंदरात उतरली नाही. पश्चिम महाराष्ट्राची साखर निर्यातीसाठी जयगडला येते ती घाट उतरून, रस्त्यानेच. बैलांच्या जागी ट्रक आहेत, आणि आंबा घाटातली वळणे तीच.