कोल्हापुरी चप्पल : अस्सल कोणती, नक्कल कोणती?

अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा शिवाजी चौकालगतच्या ‘चप्पल लाइन’मध्ये डोकावल्याशिवाय सहसा परतत नाही. मात्र ‘कोल्हापुरी’ या नावाने देशभर विकल्या जाणाऱ्या मालात रेक्झिनच्या, यंत्रावर कापून चिकटवलेल्या चपलांचाही भरणा असतो. त्यात ग्राहक फसतो आणि हाताने चप्पल घडविणाऱ्याची मजुरी मारली जाते.

ओळखावी कशी?

अस्सल कोल्हापुरीसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे लागते. तळव्याला सहसा म्हशीचे जाड कातडे, तर वेणीला शेळीचे मऊ कातडे वापरतात. तळव्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवले जातात; खिळा किंवा नायलॉनचा धागा वापरला जात नाही. चप्पल उलटी करून शिवण पाहावी. हाताच्या टाक्यांत थोडा कमीजास्तपणा असतो, यंत्राची शिवण एकसारखी असते. कडेला कातड्याचे थर दिसतात आणि वासही कमावलेल्या कातड्याचा येतो. नकली मालात वरवर चामड्याचा पोत असला, तरी कडेला कापडी अस्तर किंवा पुठ्ठा उघडा पडतो.

मापाची चप्पल

कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाली असे या चपलेचे अनेक घाट आहेत. कापशीला कागल तालुक्यातील गावाचे नाव मिळाले. गिऱ्हाईक सांगेल तसा बदल करून देणे ही या धंद्याची जुनी रीत आहे. पावलाचे माप घेऊन कान लहानमोठे करणे, टाच जाड ठेवणे, वेण्या वाढविणे, जरी वा गोंडा लावणे, चालताना कर्रकर्र वाजणारी चप्पल बनविणे ही कामे रापी आणि आरी चालविणारा हातच करू शकतो. वेणी व शिवणकामाचा मोठा भार घरातील स्त्रिया उचलतात. रंग वा सजावट बदलल्याने चप्पल नकली ठरत नाही. कातडे, कमावणी आणि शिवण यांत तडजोड झाली की ती नक्कल होते.

कायद्याचे संरक्षण

महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्याची नोंदणीकृत मालक आहेत. १९९९च्या कायद्यानुसार मानांकनाचे नाव खोटेपणाने लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण हे संरक्षण प्रामुख्याने नावाला आहे. नाव न घेता केवळ घाट उचलणाऱ्याला त्याद्वारे रोखणे अवघड जाते.

जून २०२५मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या सँडल दाखविल्या, तेव्हा हीच अडचण पुढे आली. मूळचा उल्लेख नसल्याने टीका झाली आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला जनहित याचिका फेटाळली. दाद मागण्याचा अधिकार नोंदणीकृत मालकांचा असल्याचे न्यायालयाने म्हटले. डिसेंबर २०२५मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. त्यानुसार सुमारे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून घडवून घेण्याचे ठरले. एका जोडाची जाहीर किंमत सुमारे ८०० युरो होती. त्यातील किती वाटा कारागिराच्या हाती पडतो, यावर या कराराचे मोल ठरेल.

खरेदी करताना

महाराष्ट्राच्या महामंडळाने २०२५मध्ये क्यूआर कोडची सोय सुरू केली. तो कोड मोबाइलवर तपासल्यास चप्पल कोणी, कुठे व कशापासून बनविली हे कळते. दुकानदाराकडे तो मागावा, पावतीवर ‘कोल्हापुरी’ असे लिहून घ्यावे. नवी चप्पल काही दिवस चावते. तिला तेलाचा हात द्यावा. पावसात ती घालू नये, भिजलीच तर सावलीत वाळवावी. अशी निगा राखलेली चप्पल अनेक वर्षे टिकते आणि वादी तुटल्यास कारागीर ती पुन्हा शिवूनही देतो.